दगडाची भुकटी : वाळूच्या जागी की सिमेंटच्या जागी?

आपल्यापैकी कोणी आयुष्यभराची पुंजी गोळा करून घराचा पाया खणला, की आम्हा बांधकाम क्षेत्रात वावरणाऱ्या मंडळींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "कच वापरली तर चालेल का?" कच म्हणजे खडी क्रशरवर दगड फोडताना निघणारा बारीक चुरा व भुकटी. कोणी तिला डस्ट म्हणतात, कोणी चुरी, कोणी ग्रिट. नाव कोणतेही असो, विचारणाऱ्याच्या मनात धास्ती असते. नदीची वाळू हाताबाहेर गेलेली, ठेकेदार म्हणतो कच घ्या, शेजारी म्हणतो कच वापरलेले प्लास्टर तडकते. गवंड्याला विचारावे तर तो म्हणतो, "साहेब सांगतील तसं."

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, परंतु ते अवघडही नाही. दोन गोष्टी समजून घेतल्या की बरेचसे उत्तर ज्याचे त्याला सापडते. पहिली, ही भुकटी कोणत्या दगडाची आहे. दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची, ती आपण वाळूच्या जागी घालणार आहोत की सिमेंटच्या जागी. हा फरक न कळल्यामुळे काही लोक चांगली वस्तू फेकून देतात आणि काही लोक घराचा स्लॅब कच्चा करून बसतात. पदविका व पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय दोन-चार ओळींत उरकला जातो, म्हणून विद्यार्थ्यांसाठी थोडे गणितही आम्ही येथे दिले आहे. ते सोपे आहे. घरमालकांनीही ते वाचावे.

वाळू का मिळेनाशी झाली हे थोडक्यात सांगितले पाहिजे. नदीतली वाळू पाणी धरून ठेवते. ती उपसली की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते, पुलांचे पाये उघडे पडतात, काठ ढासळतात. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. ऑगस्ट २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विनापरवाना वाळू उपशाला देशभर मनाई केली. मनाई झाली तरी चोरटा उपसा थांबला नाही हे सर्वांना ठाऊक आहे; पण सरळमार्गी माणसाला वाळू दुर्मिळ व महाग झाली. महाराष्ट्र शासनानेही २०२५ साली कृत्रिम वाळूचे धोरण आणले. म्हणजे ज्या ढिगाकडे कालपर्यंत कचरा म्हणून पाहिले जात होते, तोच आता बांधकामाचा माल म्हणून दारात येऊन पडणार आहे. दारात येणारा माल पारखून घ्यायला आपण शिकलेले बरे.

दगड कोणता?

सगळी भुकटी दिसायला सारखी, पण जात वेगळी. आपल्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागात जो काळा पत्थर आहे तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. कार्ले, भाजे, अजिंठा येथील लेणी याच दगडात कोरलेली आहेत. बांधकामासाठी हा दगड उत्तम. खडी क्रशरवरची आपली कच म्हणजे बहुतेक ठिकाणी याच दगडाचा चुरा.

मात्र हा दगड खाणीत सगळीकडे सारखा नसतो. दोन लाव्हा थरांच्या मध्ये कित्येकदा लाल, गेरूसारखा मातकट पट्टा असतो. वर मुरूम असतो. काही थरांत पोकळ्या असून त्यांत मऊ पांढरी खनिजे भरलेली असतात. (पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत अशा पोकळ्यांमधून कॅव्हन्साइट नावाचे निळे स्फटिक निघतात आणि जगभरचे संग्राहक त्यासाठी पैसे मोजतात; काँक्रीटला मात्र त्या पोकळ्यांचा उपयोग नाही.) खाणवाल्याने वरचा मुरूम आणि लाल पट्टा न काढता सगळेच क्रशरमध्ये लोटले, तर कच मध्ये दगडाच्या भुकटीबरोबर चिकणमाती येते. ही माती पाणी पिऊन फुगते व सुकताना आकसते. कच वापरून बिघडलेल्या कामांत दोष पुष्कळदा दगडाचा नसतो, या मातीचा असतो.

दुसरी जात ग्रॅनाइटची. किचनचा ओटा, जिन्याच्या पायऱ्या यांसाठी ग्रॅनाइट कापणारी दुकाने आता तालुक्याच्या गावीही आहेत. तेथे पाण्याबरोबर जो करडा गाळ वाहतो तो ग्रॅनाइटच्या भुकटीचा. यात क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी पुष्कळ असते.

तिसरी जात चुनखडकाची. शहाबादी फरशी आणि कोटा हे चुनखडक, तर संगमरवर म्हणजे उष्णतेने व दाबाने स्फटिकरूप झालेला चुनखडकच. राजस्थानात मकराना, राजसमंद, किशनगढ येथे संगमरवराचे ठोकळे कापण्याचा मोठा उद्योग आहे. तेथे भुकटी किती निघत असेल याचा अंदाज विद्यार्थ्यांनी साध्या हिशेबाने करावा. समजा करवतीचे पाते ५ मिलिमीटर जाडीची खाच पाडते आणि फरशी २० मिलिमीटरची कापली जाते. म्हणजे दर २५ मिलिमीटरमागे ५ मिलिमीटर दगड पीठ होऊन पाण्यातून वाहून गेला. पाच किलोमागे एक किलो! पॉलिशची भुकटी आणि तुटफूट वेगळीच. किशनगढजवळ हा गाळ वर्षानुवर्षे एका जागी टाकला गेला आणि त्याचे बर्फासारखे पांढरे मैदान झाले. आता लोक तेथे छायाचित्रे काढायला जातात. वाळलेला गाळ वाऱ्याने उडतो, शेतात बसतो, जमिनीची छिद्रे बुजवतो, ही त्याच मैदानाची दुसरी बाजू.

चुनखडकाची भुकटी ओळखायची सोपी खूण आहे. शाळेच्या प्रयोगशाळेतले सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल त्यावर टाकले की फसफसते. बेसाल्ट व ग्रॅनाइटच्या शुद्ध भुकटीवर तसे होत नाही. राजसमंद भागातल्या संगमरवरात मॅग्नेशियम जास्त असते, त्याला डोलोमाइट म्हणतात; तो थंड आम्लात फार सावकाश फसफसतो. हा फरक लहान वाटला तरी पुढे कामाला येणार आहे.

सिमेंट काय करते आणि भुकटी काय करत नाही

चुनखडक आणि चिकणमाती सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजली की काळसर गोट्या तयार होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकर थोड्या जिप्समबरोबर दळले की सिमेंट झाले. या भट्टीत जी संयुगे तयार होतात ती पाण्याशी रासायनिक क्रिया करतात, त्यातून एक चिकट जाळे तयार होते आणि तेच वाळू व खडी यांना एकमेकांशी बांधून ठेवते. सिमेंट सुकून घट्ट होत नाही, ते पाणी पिऊन घट्ट होते. म्हणूनच स्लॅबवर पाणी मारावे लागते.

दगडाच्या भुकटीने ही भट्टी पाहिलेली नसते. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट कितीही बारीक दळला आणि तो सिमेंटसारखा करडा, मऊ दिसू लागला, तरी तो पाण्याशी काहीही क्रिया करत नाही. विद्यार्थी येथे एक गल्लत करतात. ते म्हणतात, कोराडी, चंद्रपूर, परळी येथल्या वीजकेंद्रांची राख सिमेंटमध्ये चालते, मग दगडाचे पीठ का नाही? दोन्हींत सिलिका आहेच. सिलिका आहे हे खरे, पण राखेतली सिलिका तप्त कणांच्या रूपात झटकन थंड झालेली असते. तिला स्फटिक व्हायला सवड मिळालेली नसते, ती काचेसारखी अस्ताव्यस्त असते. अशी सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि आणखी जाळे तयार करते. दगडातली सिलिका बहुतांशी स्फटिकात पक्की बांधलेली असते. ती जागची हलत नाही. म्हणून राखेला सिमेंटच्या पंक्तीत बसता येते. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ती १५ ते ३५ टक्के चालते. दगडाच्या पिठाला त्या पंक्तीत जागा नाही.

मग दगडाचे पीठ निरुपयोगी का? मुळीच नाही. ते पोकळ्या भरते. खडीच्या फटी वाळू भरते, वाळूच्या फटी सिमेंट भरते. या दोन पायऱ्यांमधले जे माप वाळूत कमी पडते ते भुकटी पुरवते. योग्य प्रमाणात भुकटी असली की काँक्रीट एकजीव होते, स्लॅबच्या वर पाणी सुटत नाही, माल लोखंडाच्या जाळीखाली नीट बसतो. टोकियो विद्यापीठात १९८८ साली असे काँक्रीट तयार झाले की जे व्हायब्रेटरशिवाय आपल्याच वजनाने साच्यात पसरते. त्या जातीच्या काँक्रीटमध्ये बारीक भुकटी मुद्दाम जास्त घालावी लागते. तेथे दगडाच्या पिठाला मोल आहे.

वाळूच्या जागी

वाळू म्हणजे साधारणतः ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून पडणारे दाणे. ७५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या तेराव्या हिश्श्याहून बारीक जे असेल ती भुकटी. भारतीय मानक आय.एस. ३८३ च्या २०१६ च्या सुधारणेत नदीच्या वाळूला अशी भुकटी ३ टक्क्यांपर्यंतच मान्य आहे, परंतु दगड फोडून केलेल्या वाळूला १५ टक्क्यांपर्यंत. हा पक्षपात नव्हे. नदीच्या वाळूतले बारीक कण म्हणजे बहुधा गाळमाती. क्रशरच्या वाळूतले बारीक कण म्हणजे, खाणवाल्याने प्रामाणिकपणे काम केले असेल तर, दगडच.

हे १५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती होतात ते पाहू. आय.एस. ४५६ : २००० मध्ये एम-२० काँक्रीटसाठी ५० किलो सिमेंटच्या एका गोणीला वाळू व खडी मिळून २५० किलो आणि पाणी जास्तीत जास्त ३० लिटर असे प्रमाण दिलेले आहे. वाळू एक भाग व खडी दोन भाग धरली तर वाळू सुमारे ८३ किलो. तिच्यात १५ टक्के भुकटी म्हणजे साडेबारा किलो. एका गोणीच्या मालात सिमेंटच्या चौथा हिस्सा इतके दगडाचे पीठ आपोआप आले. क्रशरवरून सरळ भरून आणलेल्या, न चाळलेल्या, न धुतलेल्या कच मध्ये भुकटी २५ टक्के निघाली तर हाच आकडा पावणेएकवीस किलोवर जातो.

आता पीठ वाढल्याने बिघडते काय? बिघडते ते पाण्यामुळे. एक मिलिमीटर बाजूचा दगडाचा ठोकळा घ्या. त्याचा एकूण पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर. तोच एक दशांश मिलिमीटरच्या ठोकळ्यांत कापला तर हजार तुकडे होतात आणि पृष्ठभाग होतो ६० चौरस मिलिमीटर. दगड तेवढाच, पण ओला करायचा पृष्ठभाग दहापट. म्हणून पीठ जास्त असले की ३० लिटर पाण्यात माल घट्ट राहतो, थापीखाली सरकत नाही. मग मिक्सरवरचा माणूस काय करतो? तो डबा उचलतो आणि पाणी घालतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, घमेले डोक्यावर घेऊन वर पोचवायचे त्यालाच असते. परंतु शिकागोच्या डफ अब्रॅम्स यांनी १९१८ साली दाखवून दिलेला नियम तेथेही लागू असतो : सिमेंटच्या मानाने पाणी जितके जास्त, काँक्रीटची ताकद तितकी कमी. जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून ओल शिरते, सळई गंजते. घराच्या मालकाला हे सात-आठ पावसाळ्यांनंतर छताचे पोपडे पडू लागले की कळते.

तेव्हा ठेकेदाराला विचारायचा प्रश्न "कच की वाळू" असा नाही. माल साधी क्रशरची डस्ट आहे की कृत्रिम वाळू, ज्याला बाजारात क्रश सँड म्हणतात, हे विचारावे. जबडा क्रशरमधून खडीबरोबर पडणारी डस्ट चपट्या, टोकदार दाण्यांची असते आणि तिच्यात पिठाचा काही धरबंध नसतो. क्रश सँड वेगळ्या यंत्रात करतात. त्याला व्ही.एस.आय. म्हणतात. त्यात दगड दगडावर जोराने आपटून फुटतो, कोपरे झडतात, दाणा बराच गोलसर होतो. नंतर पाण्याने धुऊन किंवा हवेच्या झोताने जादा भुकटी काढून टाकतात. दोन्हींच्या भावात फरक असतो आणि तो असायला हवा. डस्ट आणून क्रश सँडचे बिल लावण्याचे प्रकार होतात. ढीग उतरतानाच पाहिला तर ते ओळखता येतात.

पाहायचे कसे? ढिगाच्या आतला मूठभर माल ओला करून तळहातावर चोळावा. माती असेल तर हाताला चिकटते आणि लालसर किंवा पिवळट डाग राहतो. दगडाचे पीठ खरखरीत लागते आणि पाण्याने लगेच निघून जाते. दुसरी परीक्षा काचेच्या उभ्या, मापाच्या खुणा असलेल्या नळीची. निम्म्यापर्यंत माल, त्यावर मिठाचे पाणी, चांगले हलवून तीन तास स्थिर ठेवावे. वाळूवर बारीक गाळाचा वेगळा थर बसतो. नदीच्या वाळूत हा थर जाड असला की माल परत पाठवायचा हे गवंड्यालाही माहीत असते. क्रशरच्या वाळूत मात्र थर दिसला म्हणून घाबरू नये. तो थर मातीचा की दगडाचा हे पाहावे. नक्की ठरवायचे असेल तर प्रयोगशाळेत मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाने चाचणी करतात. चिकणमाती तो रंग शोषून घेते, दगडाचे पीठ फारसे घेत नाही. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा पॉलिटेक्निकमध्ये चाळणी परीक्षा तरी करून मिळते. लाखो रुपयांच्या घरासाठी तेवढा खर्च जड नाही.

प्लास्टरचे काम वेगळे धरावे. स्लॅबला खडीचा आधार असतो, गिलाव्याला नसतो. पातळ थर, चहूकडून वारा, खाली पाणी पिणारी वीट. तेथे पीठ जास्त झाले की आकसून कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. शेजारी जे सांगतो ते त्याच्या भिंतीवर त्याने पाहिलेले असते. गिलाव्यासाठी प्लास्टरचीच म्हणून धुतलेली क्रश सँड मिळते, ती घ्यावी. आधी वीट भिजवावी आणि नंतर आठवडाभर पाणी मारावे. पेव्हर ब्लॉक, राखेच्या विटा, कंपाउंडचे ठोकळे, रस्त्याचा खालचा थर येथे साधी डस्टसुद्धा उत्तम चालते आणि ती तेथेच जावी असे आम्हाला वाटते.

सिमेंटच्या जागी

हा भाग आम्ही स्पष्ट लिहितो. बांधकामाच्या जागेवर, मिक्सरजवळ उभे राहून, सिमेंट थोडे कमी करून त्याऐवजी दगडाचे पीठ घालणे हे कोणी करू नये आणि कोणाला करू देऊ नये. वरच्याच एम-२० च्या उदाहरणात ५० किलोंपैकी ५ किलो सिमेंट काढून ५ किलो पीठ घातले असे समजा. पाणी तेवढेच ३० लिटर. पूर्वी सिमेंटच्या मानाने पाणी ०.६० होते, आता ते ४५ किलोंच्या मानाने ०.६७ झाले. दिसायला माल तसाच, रंग तोच, मऊपणा कदाचित अधिक. २८ दिवसांनी क्यूब फोडला तरच फरक दिसेल, आणि घरगुती कामावर क्यूब कोण भरतो? म्हणूनच आमचे सांगणे आहे की स्लॅबच्या दिवशी १५० मिलिमीटरचे निदान तीन क्यूब भरून घ्यावेत. क्यूब भरायचे ठरले आहे हे नुसते कळले तरी कामावरची शिस्त सुधारते.

मोकळ्या गोण्यांत पुन्हा भरलेले, पीठ मिसळलेले सिमेंटही स्वस्तात विकले जाते. शंका आली तर प्रयोगशाळेत आम्लात न विरघळणारा अवशेष मोजतात. साधे पोर्टलँड सिमेंट आम्लात जवळजवळ सगळे विरघळते, बेसाल्टचे पीठ तळाशी राहते. राखेच्या सिमेंटमध्ये राखेमुळेही अवशेष राहतो, म्हणून गोणीवर कोणता प्रकार छापला आहे हे आधी पाहावे.

परंतु कारखान्यात, मोजून, तपासून केलेले मिश्रण ही अगदी निराळी गोष्ट आहे, आणि तेथे चुनखडकाच्या भुकटीला खरा मान आहे. न भाजलेला चुनखडक क्लिंकरबरोबर बारीक दळला तर तो नुसता फटीत बसून राहत नाही. त्याच्या कणांच्या पृष्ठभागावर सिमेंटचे जाळे लवकर धरू लागते, आणि सिमेंटमधल्या ॲल्युमिनाशी त्याचा थोडासा संयोगही होतो. युरोपच्या मानकात ६ ते ३५ टक्के चुनखडक असलेली सिमेंटे प्रमाणित आहेत. अमेरिकेत २०१२ पासून १५ टक्क्यांपर्यंत चुनखडकाच्या सिमेंटला मान्यता आहे.

यापुढची पायरी आपल्याला जास्त जवळची आहे. जुन्या वाड्यांत आणि तटबंदीत चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, घाणीत दळून घालत असत. भाजलेली माती चुन्याशी संयोग पावते, हे त्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक होते. क्युबा, स्वित्झर्लंड आणि आपल्याकडील दिल्ली व मद्रास येथील आय.आय.टी. यांनी मिळून जे नवे सिमेंट विकसित केले, त्यात हीच भाजलेली माती आणि न भाजलेला चुनखडक एकत्र येतात. त्याचे नेहमीचे प्रमाण क्लिंकर ५०, भाजलेली माती ३०, चुनखडक १५ आणि जिप्सम ५ असे आहे. माती भाजायला सुमारे ८०० अंश पुरतात. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली या सिमेंटसाठी आय.एस. १८१८९ हे स्वतंत्र मानक काढले. यातला चुनखडक सिमेंटच्या भट्टीला लागतो तितका उच्च प्रतीचा असावा लागत नाही, म्हणून संगमरवराच्या गाळाला येथे वाव आहे. डोलोमाइटचा फरक येथेच कामाला येतो. मॅग्नेशियमचा दगड क्लिंकरच्या भट्टीत जास्त गेला तर सिमेंट कालांतराने फुगून तडकते, म्हणून मानकाने सिमेंटमधील मॅग्नेशियाला ६ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तोच दगड न भाजता भुकटी म्हणून मिसळला तर ही फुगण्याची भीती उरत नाही. दगड एकच, पण भट्टीआधी घातला की भट्टीनंतर, यावर त्याचे वागणे ठरते.

हे सारे कशासाठी, तर १०० किलो शुद्ध चुनखडक भाजला की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोळशाचा धूर वेगळा. जगात माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के सिमेंट उद्योगातून येतो आणि सिमेंट उत्पादनात आपला देश चीनच्या खालोखाल आहे. क्लिंकर निम्म्यावर आणणारे सिमेंट ही त्यामुळे मोठीच गोष्ट आहे. विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधताना आपल्या तालुक्यातील ग्रॅनाइट किंवा कोटा कापणाऱ्या दुकानांचा गाळ तपासायला घ्यावा. दरवर्षी तेच "१० टक्के, २० टक्के, ३० टक्के" भुकटीचे क्यूब फोडून अहवाल लिहिण्यापेक्षा, गाळ कोणत्या दगडाचा, किती बारीक, त्याला पाणी किती जास्त लागते, एवढे जरी नीट मोजले तरी ते काम कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

ही भुकटी कोणाच्या छातीत जाते?

भुकटीचा हिशेब किलोत आणि टक्क्यांत मांडताना तिचा जो भाग हवेत उडतो तो कागदावर येत नाही. तो माणसाच्या छातीत जातो. खाणीत सुरुंगाची भोके पाडणारे, क्रशरच्या तोंडाशी उभे राहणारे, दगड घडविणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कोण आहेत हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. गाडी वडार, माती वडार, जाते वडार ही नावेच त्यांच्या कामावरून पडलेली आहेत. आता त्यांच्या जोडीला इतर जातींचे भूमिहीन मजूर आणि परप्रांतातून आलेली कुटुंबेही आहेत. वाघोलीच्या खाणींवर अशा कामगारांच्या मुलांसाठी 'पाषाण शाळा' काढाव्या लागल्या, कारण मुलेही आईबापांबरोबर दिवसभर त्याच धुळीत असत.

दगडाच्या धुळीतील मुक्त सिलिका, म्हणजे गारगोटीच्या रूपातली सिलिका, फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. या रोगाला बरे करणारे औषध नाही. बेसाल्टमधली सिलिका बहुतेक इतर खनिजांत बांधलेली असते, मुक्त सिलिका थोडी असते. ग्रॅनाइटमध्ये ती पुष्कळ आणि वालुकाश्मात सर्वांत जास्त. म्हणजे किचन ओट्याचा दगड कोरड्या ग्राइंडरने कापणारा आपल्या गल्लीतला मुलगा क्रशरवरच्या मजुराइतकाच, कदाचित अधिक धोक्यात आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिस हा शासनाला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातला होता आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. प्रत्यक्षात मात्र खोकला आणि दम यांना क्षय समजून वर्षानुवर्षे क्षयाचीच औषधे दिली जातात, आणि रोग्याकडे आपण कोठे काम केले याचा कागदही नसतो. राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिससाठी स्वतंत्र धोरण करून रुग्णांची नोंद, अर्थसाहाय्य व निवृत्तिवेतन यांची तरतूद केली, ती याच अनुभवातून.

धूळ मारण्याचा उपाय महाग नाही. पाणी. कापताना पात्यावर पाण्याची धार, क्रशरच्या तोंडाशी फवारा, पट्ट्यांवर झाकण, डस्टच्या ढिगावर ओलावा आणि ट्रकवर ताडपत्री. तोंडाला बांधलेला रुमाल ठसका कमी करतो, पण जे कण फुप्फुसाच्या तळाशी पोचतात ते मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्श्याहून बारीक असतात आणि रुमालाच्या विणीतून सहज पार होतात. त्यासाठी एन-९५ जातीचा मुखवटा लागतो आणि तो रोज बदलावा लागतो. आपल्या कामावर कच किंवा क्रश सँड उतरवताना ढीग आधी ओला करून घ्यावा. कोरडी भुकटी फावड्याने उडवत मिक्सरमध्ये टाकू देऊ नये. त्यातून मालाचे पाणी वाढेल अशी शंका गवंडी काढील, आणि ती रास्त आहे. ढिगात मारलेले पाणी मिक्सरच्या पाण्यातून तेवढे कमी करायचे असते. १०० किलो कोरड्या वाळूमागे ४ किलो पाणी ढिगातच असेल तर वरच्या गणितातल्या ८३ किलो वाळूबरोबर सव्वातीन लिटर पाणी आधीच आले. त्याशिवाय ओल्या बारीक वाळूचे आकारमान फुगते, फर्म्याने मोजली तर ती कमी भरते. म्हणून मोठ्या कामावर वजन करून आणि लहान कामावर फर्मा थोडा चढता भरून माल घ्यावा, आणि मिक्सरजवळ पाण्यासाठी खुणा केलेली एकच बादली ठेवावी.